रत्नागिरी-चिपळूणहून दुबई: पहिल्यांदाच परदेशी विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी

मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यात आखाताशी संबंध नसलेली वाडी शोधावी लागेल. मुलगा तिकडे नोकरीला, लेकीचं बाळंतपण तिकडे, आणि साठी ओलांडलेले आई-बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचे. त्यांना धास्ती असते ती इंग्रजीची. पण मुंबईच्या किंवा दुबईच्या विमानतळावर माणूस इंग्रजीवाचून सहसा अडत नाही. दुबईच्या विमानतळावर हिंदी समजणारे कर्मचारी जागोजागी भेटतात. माणूस अडतो तो तीन गोष्टींवर: तिकिटावरची तारीख, बॅगेतली वस्तू आणि ऐनवेळी न सापडणारा कागद. या तिन्हींचा बंदोबस्त घरीच करता येतो. म्हणून या लेखाचा बराचसा भाग विमानतळावर पोचण्याआधीच्या तयारीचा आहे.

तिकीट हातात आलं की

पहिल्यांदा विमानतळाचं नाव बघा. मुंबईत आता दोन विमानतळ आहेत: अंधेरी-सहारचा जुना, ज्याची तिकिटावरची खूण बीओएम, आणि पनवेलजवळचा नवी मुंबईचा, ज्याची खूण एनएमआय. कोकणातून येताना पनवेल आधी लागतं, त्यामुळे गाडीवाला विचारतो, 'इथेच ना?' आणि माणूस गोंधळतो. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना गोवा जवळ, पण तिथेही दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) असे दोन आहेत आणि दोन्हींत बरंच अंतर आहे. पलीकडेही तेच. दुबई म्हणजे डीएक्सबी, शारजा म्हणजे एसएचजे. स्वस्त तिकीट पुष्कळदा शारजाचं असतं आणि घ्यायला येणारा दुबईत वाट बघत उभा राहतो.

मग तारीख. आखाताची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ मे, ०१:३०' असं असेल तर तुम्ही सहारला १४ तारखेच्या रात्री साडेनऊ-दहापर्यंत पोचायला हवं. १५ च्या रात्री गेलात तर विमान सुटून जवळजवळ एक दिवस झालेला असतो. कॅलेंडरवर १५ वर नव्हे, १४ वर खूण करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून ती तपासून घ्या.

तिसरं नाव. पासपोर्टवर जसं आहे तसंच तिकिटावर आणि व्हिसावर हवं, अक्षरासकट. आपल्याकडे बायकांच्या जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कधी कधी रिकामा असतो आणि नुसतं एकच नाव असतं. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने (दुबई, शारजा याच देशात येतात) अशा एकेरी नावाच्या पासपोर्टांबाबत नियम कडक केले आहेत. आडनाव घालून पासपोर्ट नवा करून घेणं हाच बिनघोर उपाय, आणि तो तिकीट काढायच्या आधी. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान ६ महिने उरलेली असावी.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'इसीआर' असा उल्लेख असू शकतो. अशा माणसाला नोकरीसाठी आखातात जायचं तर सरकारची परवानगी आधी लागते. मुलाला भेटायला व्हिजिट व्हिसावर जाताना ती लागत नाही, पण इमिग्रेशनचा अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो. परतीचं तिकीट, मुलाच्या एमिरेट्स आयडीची (तिकडच्या ओळखपत्राची) प्रत, त्याचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर जवळ ठेवा. जाता जाता एक स्पष्ट सांगतो: 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ' असं सांगणाऱ्या एजंटच्या नादाला गावातल्या पोरांनी लागू नये. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदा आहे आणि पकडला गेला तर भोगतो तो पोरगाच, एजंट नव्हे.

काही विमान कंपन्या अमिरातीच्या व्हिसासाठी 'ओके टू बोर्ड', म्हणजे व्हिसा बघितला, विमानात बसायला हरकत नाही, अशी नोंद आधी करून घ्यायला सांगतात. तिकीट ज्याने काढलं त्याला हे दोन दिवस आधी विचारा. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर व्हीलचेअर निदान ४८ तास आधी मागा. यात कमीपणा काही नाही. व्हीलचेअर घेतली की विमानाच्या दारापासून बाहेरच्या कठड्यापर्यंत एक माणूस सोबत असतो, म्हणजे वाट शोधायचा प्रश्नच मिटला. फक्त पासपोर्ट त्याच्या हातात देऊन विसरू नका, खिडकीवर दाखवून झाला की परत आपल्या पिशवीत.

बॅग भरताना: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

खसखस. अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाचं बी. आपल्याला वाटतं, खसखस कोण नेतंय? पण मालवणी मसाल्यात ती असते, अनारशावर लावलेली असते, करंजीच्या सारणात असते आणि बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवातही असते. तेव्हा मसाला दळायला देतानाच खसखस वगळा. लाडू वळताना घालू नका. 'एवढ्याशा दाण्यांनी काय होतंय' हा हिशेब तिकडच्या कस्टम्ससमोर चालत नाही. विड्याची पानं, गुटखा, तंबाखूच्या पुड्या यांनाही हाच नियम लावा. घरीच ठेवा.

सुकं खोबरं. वाट्याच्या वाट्या पिशवीत भरून नेण्याची आपली पद्धत, पण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाहतुकीत धोकादायक मालात मोडतं. बॅग स्कॅनरखाली दिसली की उघडायला लावतात आणि खोबरं बाहेर निघतं. तिकडे खोबरं मुबलक मिळतं, वजन वाया घालवू नका.

औषधं. ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, झोपेच्या आणि मनोविकाराच्या काही गोळ्या तिकडे नियंत्रित यादीत आहेत, त्यांना आधी परवानगी लागते. कोणत्या गोळीत काय आहे हे डॉक्टरांना विचारून घ्या. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या चालतात, पण मूळ पाकिटात, इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या. सोमवार-मंगळवारच्या खणांच्या डबीत सुट्या करून नेऊ नका. वैद्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं चूर्ण किंवा भस्म तर अजिबात नको. बिनलेबलची पूड कुठलीही असो, ती संशयाचीच.

कोकम आगळ, आमरस, तूप, खोबरेल, लोणचं हे सगळं मोठ्या, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत पातळ पदार्थाची एक बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही, अर्धी रिकामी असली तरी नाही. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत घट्ट असलं तरी काढून टाकतात. बाटलीचं झाकण काढून तोंडाला प्लास्टिकचा तुकडा ठेवा, झाकण घट्ट लावा, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या. आगळ सांडला तर डाग आणि वास दोन्ही जात नाहीत. आंब्याची पेटी न्यायची तर लाकडी नको, पुठ्ठ्याची घ्या, आणि तिचं वजन तुमच्या सामानातच धरलं जातं हे लक्षात ठेवा.

विळी, कोयती, सुरी, कात्री मोठ्या बॅगेत. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची, सरळ नेता येते. पण विमानात ती वापरायला काही कंपन्यांनी बंदी केली आहे. माचिस आणि लायटर कुठल्याच बॅगेत नको.

बॅगेचा आकार हाही दुबईत प्रश्न होतो. तिथली सामान वाहणारी यंत्रणा प्रचंड मोठी, पट्ट्यांवर चालणारी आहे. गोल किंवा वेडीवाकडी बॅग पट्ट्यावरून घरंगळते आणि सगळं अडकतं. म्हणून २०१७ पासून नियम आहे की बॅगेची निदान एक बाजू सपाट हवी. चादरीत बांधलेलं गाठोडं, दोरीने आवळलेली गोणी, गोलाकार पिशवी परतीच्या वेळी काउंटरवर नाकारतात आणि पैसे भरून खोक्यात भरून घ्यावी लागते. साधी चौकोनी ट्रॉली बॅग घ्या. किती किलो हे तिकिटावर लिहिलेलं असतं, ते तिकिटागणिक बदलतं. शेजारच्याला ३० होतं म्हणून आपल्यालाही असेल असं धरू नका. वजन कितीही मिळालं तरी एकच बॅग ३२ किलोपेक्षा जड घेत नाहीत, दोन करा. घरी स्वतः वजनकाट्यावर बॅगेसकट उभं राहून मग आपलं वजन वजा केलं की काम होतं. हातातली बॅग साधारण ७ किलो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुम्ही दुबईला निघालात हे कळलं की वाडीतून तीन जण पार्सल घेऊन येतात. 'आमच्या बाबल्याला एवढं द्याल?' नाही म्हणणं जड जातं. पण बॅगेत जे सापडेल ते तुमचं, मग पार्सल कुणाचंही असो, आणि अमली पदार्थांबाबत तिकडचा कायदा फार कडक आहे. घ्यायचंच असेल तर त्यांच्यासमोर उघडून, प्रत्येक डबा बघून, आपल्या हाताने परत बांधून घ्या. शिवलेलं, चिकटवलेलं, 'उघडू नका हां' म्हणून दिलेलं काहीही नको. निघायच्या दिवशी आयत्या वेळी आलेलं तर मुळीच नको.

सहारपर्यंत

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात. दरड आली की गाडी तासन्‌तास उभी. महामार्गावर परशुराम आणि कशेडी घाटांची कटकट असतेच, गणपतीच्या आधी-नंतर तर विचारूच नका. या दिवसांत विमान असेल तर एक दिवस आधी मुंबईत नातेवाइकाकडे पोचा. इतर दिवसांतही, रात्रीच्या विमानासाठी सकाळची गाडी पकडा, दुपारची नाही.

रेल्वेने आलात तर ठाणे किंवा दादरला उतरा. ठाण्याहून टॅक्सीने संध्याकाळच्या गर्दीत तासाच्या वर लागतो. दादर किंवा सीएसएमटीहून भुयारी मेट्रो, मार्गिका ३, थेट टर्मिनल २ ला जाते, पण ती रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन जिने-लिफ्ट करावी लागतात. रात्री टॅक्सीच बरी. टॅक्सीवाल्याला 'टर्मिनल दोन, डिपार्चर' एवढं सांगा, तो वरच्या मजल्यावर सोडतो. नुसतं 'एअरपोर्ट' म्हणू नका, टर्मिनल १ वेगळीकडे आहे.

सुटायच्या वेळेच्या साडेतीन-चार तास आधी पोचा. दारावर जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, इथून पुढे सोडायला आलेल्यांना आत येता येत नाही. निरोप बाहेरच.

आत: कुठे काय दाखवायचं

तिकीट आणि व्हिसाची छापील प्रत, पासपोर्ट, मुलाचा पत्ता हे सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, गळ्यात अडकवायच्या पिशवीत ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागत नाही, चार्जिंग नेमकं तेव्हाच संपतं.

पहिला थांबा चेक-इन काउंटर. मोठ्या पडद्यावर विमान नंबर शोधा, त्यापुढे काउंटरचं अक्षर असतं. विमान नंबर म्हणजे दोन खुणा आणि तीन-चार आकडे, तो फोल्डरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पाट्यांवरचे आकडे इंग्रजी असतात, तेव्हा तुम्हीही तसेच लिहा. काउंटरवर मोठी बॅग देता, त्यावर पट्टी लावतात आणि तिची छोटी पावती बोर्डिंग पासवर किंवा पासपोर्टला चिकटवतात. ती पावती फाडू नका, बॅग हरवली तर तोच पुरावा. पट्टीवर शेवटी डीएक्सबी दिसतंय ना, हे बघून घ्या. पुढे लंडनला किंवा आणखी कुठे जाणार असाल तर तिथली खूण हवी, म्हणजे दुबईत बॅग घ्यावी लागत नाही. विमान सुटायच्या साधारण तासभर आधी काउंटर बंद होतो आणि मग कितीही गयावया केली तरी उघडत नाही.

मग इमिग्रेशन. भारतीयांना इथे आता कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही, १ जुलै २०१७ पासून तो बंद झाला आहे. 'फॉर्म भरून देतो, शंभर रुपये' असं कुणी म्हणालं तर सरळ पुढे जा. अधिकारी विचारतो: कुठे चाललात, कशाला, कुणाकडे, किती दिवस. मराठीत किंवा हिंदीत उत्तर द्या, मोजकं द्या. 'मुलाकडे, दीड महिना, हे परतीचं तिकीट.' एवढं पुरतं. गडबडून 'फिरायला' म्हणायचं आणि व्हिसाच्या कागदावर मुलाचं नाव, असं झालं की प्रश्न वाढतात.

अंगावर जास्त सोनं घालून जात असाल तर जातानाच कस्टम्सकडून त्याची नोंद करून प्रमाणपत्र घ्या. परत येताना 'हे तिकडून आणलं का?' या प्रश्नाला तोच कागद उत्तर आहे. खरं तर पाटल्या घरी ठेवून मंगळसूत्र आणि कुड्यांवर जाणं सगळ्यात सोपं.

सुरक्षा तपासणीत मोबाइल, पॉवर बँक, पट्टा, नाणी ट्रेमध्ये. बायकांची रांग वेगळी. जोडीने जात असाल तर पलीकडे एकमेकांची वाट बघा आणि ट्रेमधलं सगळं उचललं का ते मोजा. फोन, पाकीट, फोल्डर, औषधं.

बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात. विमानात चढायला सुरुवात कधी ती एक, सुटण्याची दुसरी. पाळायची ती पहिली. गेटचा नंबर बदलू शकतो, म्हणून गेटपाशी बसल्यावरही अर्ध्या तासाने पडद्याकडे नजर टाका. विमान सुटायच्या वीसेक मिनिटं आधी गेट बंद होतं. दुकानांत रेंगाळू नका, चहा तिथे महाग आहे.

दुबईत उतरल्यावर

प्रवास साधारण तीन तासांचा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदला.

दुबईत तीन टर्मिनल आहेत. १ आणि ३ जवळ आहेत, २ धावपट्टीच्या पलीकडे. उतरलात की गर्दीच्या मागे आंधळेपणाने जाऊ नका, कारण अर्धी गर्दी दुसरं विमान पकडायला चाललेली असते. 'अरायव्हल्स' आणि 'बॅगेज' या पाट्यांच्या मागे जायचं. खाली झुकलेल्या विमानाचं चित्र म्हणजे अरायव्हल्स, बॅगेचं चित्र म्हणजे सामान. 'कनेक्शन्स' किंवा 'ट्रान्सफर' लिहिलेल्या वाटेला लागलात तर परत सुरक्षा तपासणीच्या रांगेत जाऊन उभे राहता. मुलाने या पाट्यांचे फोटो आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवले तर उत्तम. चालायला खूप आहे. सरकते पट्टे आहेत, आणि विमान कुठल्या भागात लागलं त्यावर मध्ये एक छोटी, चालकाशिवायची ट्रेनही लागू शकते. घाबरू नका, तिकीट नसतं, सगळे उतरतील तिथे उतरा.

पासपोर्टच्या खिडकीपाशी टोपी, चष्मा काढा. कॅमेऱ्यात बघायला सांगतात, पहिल्या खेपेला डोळ्यांचंही स्कॅन होतं. इथे फोटो काढू नका, फोनवर बोलू नका. व्हिसाचा छापील कागद पासपोर्टसोबत द्या. शिक्का बसला की तारीख बघून ठेवा, व्हिसाचे दिवस तिथून मोजायचे. एक दिवस जास्त राहिलात तरी दंड आहे, दिवसाला ५० दिर्‌हाम.

सामानाच्या पट्ट्याचा नंबर पडद्यावर विमान नंबरासमोर असतो. काळ्या ट्रॉली बॅगा शेकड्याने असतात, म्हणून घरून निघताना हँडलला लाल-पिवळी चिंधी बांधा. तरीही उचलल्यावर पावतीचा नंबर जुळवा. बॅग आलीच नाही तर बाहेर पडू नका. तिथेच विमान कंपनीच्या सामान-तक्रारीच्या टेबलावर पावती दाखवून लेखी नोंद करा आणि तिची प्रत घ्या. बाहेर गेल्यावर केलेली तक्रार फार कमजोर ठरते.

बाहेर पडताना बॅगा पुन्हा स्कॅनरमधून जाऊ शकतात. खसखस वगळली असेल तर निर्धास्त जा.

मुलाला फोन कसा करायचा, हे आधीच ठरवा. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, मेसेज आणि आवाजी संदेश जातात. विमानतळावर फुकट वाय-फाय आहे. तेवढ्यावर 'उतरलो, बॅग घेतोय' असा आवाजी संदेश पाठवा. किंवा भारतातूनच रोमिंगचा पॅक टाकून या, विमानात बसायच्या आधी. भेटायची जागा एकच ठेवा: जिथे लोक कठड्याला टेकून उभे असतात, तिथे बाहेर पडून थांबायचं. मुलगा दिसला नाही म्हणून इकडेतिकडे शोधत फिरायचं नाही.

कुणी घ्यायला येणार नसेल तर टॅक्सीच्या रांगेतूनच टॅक्सी घ्या, आत येऊन विचारणाऱ्याकडून नाही. विमानतळावरून मीटर २५ दिर्‌हामपासून सुरू होतो. गुलाबी छताच्या टॅक्सी बायका चालवतात, एकट्या बाईला त्या बऱ्या. मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला आहे, २ ला नाही, आणि तिच्यात एका माणसाला एक मोठी, एक लहान अशा दोनच बॅगा नेता येतात.

परत येताना

सगळं उलट्या क्रमाने. टर्मिनल कुठलं ते तिकिटावर बघा, कारण २ साठी निघून ३ ला पोचलात तर अर्धा तास जातो. दुबईत प्रत्येक विमानाची घोषणा होईल अशी वाट बघत बसू नका, पडदा बघत राहा. वर्षाच्या आत परतणाऱ्या पाहुण्याला सोन्याची करमाफी नाही, तेव्हा 'एवढी एक चेन नेशील का' म्हणणाऱ्या ओळखीच्याला नम्रपणे नकार द्या. मुंबईत कर भरण्यासारखं काही असेल तर लाल वाट, नसेल तर हिरवी. आणि गावाकडची गाडी विमान उतरायच्या वेळेनंतर निदान पाच तासांनी सुटणारीच काढा. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत दीड-दोन तास सहज जातात, वर ठाण्यापर्यंतचा रस्ता.